निळ्या खोलीतला शर्ट

आमच्या जाऊबाईंना सूतगिरणीत सगळे घुबड म्हणत. हे नाव ठेवलं त्यांच्याच नवऱ्यानं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी. "आमच्या घरात एक घुबड आहे, तिला अंधारातच दिसतं," असं दादा एकदा पिंजणी खात्यात म्हणाले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते गिरणीभर झालं. जाऊबाईंना त्याचा राग कधी आला नाही. मला यायचा. आमच्या घरात रागाचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. त्यांच्या वाटणीचासुद्धा मीच करते.

अंधारात बघणं हे त्यांचं कामच होतं. सूत तयार झालं की ते कागदाच्या शंकूवर गुंडाळतात, त्याला आम्ही कोन म्हणतो. आमच्या गिरणीत दोन जातींचं सूत निघे, एक निव्वळ कापसाचं आणि एक पॉलिस्टर मिसळलेलं. दोन्ही पांढरी, दोन्ही सारख्याच जाडीची; उजेडात शेजारी ठेवली तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. पण कापसाचा रंग पॉलिस्टरवर चढत नाही. कापसाच्या ढिगात मिश्र सुताचा एक कोन जरी घुसला, तरी कापड विणून होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. कापड रंगात बुडवून वर काढलं की मग त्यातून फिकी रेघ निघते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सगळं मुसळ केरात.

म्हणून ती निळी खोली. खिडकी नाही, भिंती काळ्या, वर जांभळट उजेडाच्या नळ्या. त्या उजेडात कापूस मळकट पिवळा दिसतो आणि पॉलिस्टर निळंपांढरं चमकतं. जाऊबाई एकेक कोन उचलायच्या, हातात फिरवून बघायच्या, त्याच्या पोटात आपल्या नंबरची चिठ्ठी घालायच्या आणि ट्रॉलीत ठेवायच्या. भरलेली ट्रॉली बाहेर आली की मी ते कोन खोक्यांत भरायची. मधे एक दार आणि जाड काळा पडदा. इतकी वर्षं आम्ही दोघी गिरणीत एका दाराच्या दोन बाजूंना आणि घरी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो.

खोलीचे नियम कडक होते. कपडे गडद हवेत, वरून बिनबाह्यांचा काळा एप्रन, आणि अंगावरचं सगळं साध्या साबणानं धुतलेलं. धुण्याच्या पावडरीत पांढऱ्याला आणखी पांढरं दाखवणारं काहीतरी असतं, ते त्या नळ्यांखाली पेटल्यासारखं दिसतं. एखादी नवी बाई कमरेला रुमाल खोचून आत गेली तर जाऊबाई तिला दंडाला धरून बाहेर आणायच्या. कारण चमकणारी एक वस्तू जवळ असली की तिचा उजेड हातातल्या कोनावर पडतो आणि सगळेच कोन निळसर दिसायला लागतात. मग कसला कापूस आणि कसलं पॉलिस्टर.

दादा जेवायला बोलवायला यायचे ते पडद्यातून नुसतं डोकं आत घालायचे. केसांवर, भुवयांवर, कानांत पिंजलेल्या कापसाची लव. जाऊबाई त्यांच्याकडे नीट निरखून बघायच्या आणि म्हणायच्या, "शुद्ध कापूस. पास. आता व्हा बाहेर." रोज तेच. मला बाहेर ऐकू यायचं, आणि रोज तेच बोलून या दोघांना कंटाळा कसा येत नाही, असं मला वाटायचं.

गिरणीसाठी कापूस विकत घेणारे एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही भावकाका म्हणत असू. दिवसभर फोन कानाला आणि चहाला मात्र आमच्या टेबलाशी. सुतावरून स्वर्ग गाठावा तो त्यांनीच. कुठल्या तरी लांबच्या देशात पेरणीनंतर पाऊस ओढ देतो, तिथला कापूस कमी येतो, भाव चढतो, कापडवाले हात आखडता घेतात आणि आमच्या गिरणीतली एक लाइन पॉलिस्टरकडे वळते, हे सगळं ते एका कपात सांगून मोकळे व्हायचे. पुढच्या हंगामात जिकडेतिकडे कापूसच कापूस, गोदामं भरलेली, भाव कोसळलेला. आता ती लाइन परत कापसाकडे वळेल ना, असं मी विचारलं की ते हसायचे.

"गेलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं, बाई. बिनइस्त्रीच्या शर्टाची एकदा सवय लागली की लागली. कापूस बसलाय पावसाच्या भरवशावर आणि पॉलिस्टर येतं तेलातून. तेलाला पाऊस लागत नाही."

जगात आता कापसापेक्षा तेलापासून काढलेला धागा कितीतरी जास्त खपतो, आणि झाडाच्या लाकडापासून काढलेला आणखी वेगळाच, असं ते सांगायचे. दुकानात माणूस बोटांनी कापूस चाचपतो आणि डोळ्यांनी किंमत बघतो. शेवटी डोळ्यांचंच खरं होतं. यात खोटं काही नव्हतं. आमच्या दादांचंच बघा. उभा जन्म कापसात गेला, आणि ठेवणीतला शर्ट कसला, तर पांढरा, पूर्ण बाह्यांचा, पॉलिस्टर मिसळलेला. "दोरीवर टाकला की इस्त्री झालेली असते," असं कौतुकानं सांगायचे. मी त्यांना फितूर म्हणायची. ते म्हणायचे, "खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे."

मी कामाला लागले तेव्हा सगळी गिरणी कापसाची होती. हळूहळू एकेक लाइन गेली. शेवटी टोकाची एकच उरली, आणि तीही एका गिऱ्हाइकाच्या जिवावर. ते वेल्डिंग करणाऱ्यांचे कोट शिवायचे. ठिणगी उडाली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, कापूस नुसता जळतो; म्हणून ते कापड निव्वळ कापसाचंच लागायचं, गडद निळं. एक दिवस मॅनेजरसाहेबांनी आम्हाला सगळ्यांना मोठ्या दारापाशी जमवलं आणि सांगितलं, "कोटवाल्यांची मोठी ऑर्डर आली आहे. ती बिनतक्रार गेली तर कापसाची लाइन राहील. नाहीतर सगळी गिरणी पॉलिस्टरवर."

सगळी गिरणी पॉलिस्टरवर म्हणजे निळी खोली बंद. जिथे सगळंच चमकतं तिथे शोधायचं काय? जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं, शेजारीपाजारी जाणं-येणं नव्हतं, कशाचा नाद नव्हता. ती खोली राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. घरी जाताना त्या दादांना म्हणाल्या, "ही ऑर्डर मी डोळ्यांत तेल घालून बघणार."

"तेल नको घालूस," दादा म्हणाले. "त्याचं पॉलिस्टर होतं."

त्या ऑर्डरचा पहिला कोन निघायच्या आधी दादा गेले.

पिंजणी खात्यातली माणसं खोकतात, त्यात नवल नाही. दादांचा खोकला आमच्या पातळ भिंतीतून आरपार यायचा. माझा नवरा त्याला घड्याळ म्हणायचा. खोकला सुरू झाला की हा कूस बदलायचा, थांबला की झोपायचा. एका रात्री खोकला आलाच नाही. आम्हाला बरं वाटलं. जाऊबाईंनाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्या सलग झोपल्या. सकाळी त्यांनी चहा टाकला, हाक मारली, परत हाक मारली, आणि मग ओट्याकडे जाऊन आधी गॅस बंद केला. मग आम्हाला बोलवायला आल्या.

डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं केव्हाच गेली होती. तुम्ही रात्री जाग्या असता तरी काही करता आलं नसतं." भेटायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणाला. तुमच्या हातात काही नव्हतं. जाऊबाई प्रत्येकाला मान डोलवायच्या. रडल्या नाहीत. जेवा म्हटलं की जेवायच्या, उठा म्हटलं की उठायच्या. मीही फारशी रडले नाही. हातावर झोपलं की उठल्यावर हात कसा परक्याचा वाटतो, तशी मी सगळीच झाले होते. मला वाईट वाटत होतं असं मी लोकांना सांगत होते. खरं म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

काही दिवसांनी जाऊबाई कामावर आल्या. वेळेवर आल्या, एप्रन चढवला, पिशवी घेऊन पडद्याआड गेल्या. ट्रॉल्या पूर्वीसारख्याच बाहेर यायला लागल्या. मी खोकी भरत होते. जेवणाच्या सुट्टीत पडद्यात कोणी डोकं घातलं नाही, तेव्हा मीच हाक मारली. "ताई, चला," म्हटलं. आतून "आले" असा आवाज आला आणि बराच वेळ कोणी आलं नाही.

त्याच सुमाराला आणखी एक घोटाळा झाला होता. आमच्याकडे कापसाचं सूत हिरव्या कागदी शंकूवर गुंडाळत आणि मिश्र सूत पिवळ्यावर, म्हणजे लांबूनही ओळखू यावं. पिवळे शंकू पुरवणाऱ्याचा माल वेळेवर आला नाही. गुंडाळणीच्या मुकादमानं मिश्र सूतही हिरव्यावरच घ्यायला सुरुवात केली. कोणीतरी हरकत घेतली, तर म्हणाला, "निळी खोली आहे ना. घुबडाच्या नजरेतून काय सुटतंय?" असं म्हणायला तो चुकला नव्हता. तोवर काहीच सुटलं नव्हतं.

ऑर्डर गेली. कोटवाल्यांकडून काही कळलं नाही, म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो. मग एका सकाळी मॅनेजरसाहेबांनी जाऊबाईंना बोलावलं. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले.

साहेबांच्या टेबलावर गडद निळ्या कापडाचा तागा उलगडून ठेवला होता. त्यात फिक्या रेघा होत्या. एक नव्हे, पुष्कळ. कुठे हातभर अंतरावर, कुठे जवळजवळ. बाजूला काही रिकामे हिरवे शंकू आणि त्यांच्या पोटातून काढलेल्या चिठ्ठ्या. नंबर वाचायची गरज नव्हती, त्या खोलीत एकच नंबर होता. जाऊबाईंनी एका रेघेवर बोट ठेवलं आणि टेबलाच्या कडेपर्यंत नेलं.

"माझेच कोन आहेत," त्या म्हणाल्या. "मीच पास केलेत."

"बाई, तुमच्याकडून असं कधी झालं नाही," साहेब म्हणाले. "नळी गेली होती का? काही बिघाड?"

"नाही. नळ्या चांगल्या आहेत."

"मग?"

"दिसलं नाही."

साहेब ओरडले असते तर मला सोयीचं झालं असतं, तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, की हरकत नाही, आता जे होईल ते होईल. बाहेर येईपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. महिनाअखेरीला कापसाची लाइन बंद, आणि निळी खोलीही. पिंजणी खात्यातली माणसं आमच्याकडे न बघता बाजूला झाली. त्यातल्या कितीजणांचं काम जाणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

घरी जाताना मी विचारलं. न विचारता राहणं मला जमत नाही. "ताई, तुम्हाला दिसलं नाही हे मला पटत नाही. काय झालं?"

त्या चालत राहिल्या. नाक्यावर रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडून दाखवली. आत दादांचा पांढरा शर्ट होता, नीट घडी घातलेला.

"आत गेले की घालायची," त्या म्हणाल्या. "बाहेर यायच्या आधी काढून ठेवायची. पहिल्या दिवशी नुसता जवळ असावा म्हणून नेला होता. गारवा वाटला म्हणून घातला. एप्रनच्या खाली."

"एप्रनला बाह्या नाहीत, ताई."

"नाहीतच. बाह्या बाहेर राहिल्या. पार मनगटापर्यंत. आणि अंधारात त्या अशा चमकायला लागल्या की दुसरं काही दिसेना. माझे हात दिसतच नव्हते. नुसत्या त्यांच्या बाह्या कोन उचलत होत्या, फिरवत होत्या, ठेवत होत्या." त्यांनी पिशवी बंद केली. "कोन सगळे निळसर दिसत होते. मला कळत होतं शर्टानं दिसतायत. म्हटलं, शर्टाचाच उजेड आहे, कोन चांगलाच असणार. काढायला हवा होता. काढवेना."

हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. समोरून गाड्या जायच्या थांबल्या आणि आम्ही रस्ता ओलांडला. त्या दिवशी माझा रागसुद्धा घरी नव्हता.

लाइन बंद झाली त्या संध्याकाळी भावकाका जाऊबाईंच्या घरी आले. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. त्यांचंही काम गेलं होतं. कापूसच नाही तर कापूस घेणारा कशाला? पण ते आले होते समजूत घालायला. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी चहा संपवला आणि मग म्हणाले,

"बाई, एक सांगतो, मनाला लावून घेऊ नका. ते कापड परत आलं नसतं तरी लाइन बंदच होणार होती. कोटवाल्यांना दुसरीकडे स्वस्त कापड मिळालंय, वरून कसलंसं औषध मारलेलं, न पेटणारं. ही शेवटचीच ऑर्डर होती. आपल्याकडे पॉलिस्टरची नवी यंत्रं त्याच्या आधीच सांगून ठेवलेली. तुमचे कोन म्हणजे नुसतं निमित्त. साहेबांचा तर सुंठीवाचून खोकला..." इथे त्यांनी जीभ चावली. खोकल्याचं नाव त्या घरात कोणी काढत नसे. "म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, इतकंच. तुमच्यामुळे काही झालेलं नाही. साऱ्या जगाचं वारं फिरलंय, त्यात तुम्ही काय आणि मी काय."

मला एकदम हलकं वाटलं. भिंतीवर आपटलेलं डोकं आपलं नव्हतंच, असं कोणी सांगावं तसं. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे मी नीट बघितलं असतं तरी?"

"तरी हेच."

"आणि इतकी वर्षं बघितलं ते?"

भावकाकांना प्रश्न कळला नाही. "ते तर तुम्ही चांगलंच बघितलंत," ते म्हणाले. "तुमच्या हातात काही नव्हतं, बाई. खरंच काही नव्हतं."

थोडा वेळ बसून ते गेले. जाऊबाई दार लोटून आल्या आणि आपल्या कॉटवर बसल्या. पिशवीतून शर्ट काढून मांडीवर घेतला. साध्या दिव्याखाली तो साधा शर्ट होता, कॉलरपाशी थोडा झिजलेला.

"डॉक्टर म्हणाले, माझ्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "आता हे म्हणतात, माझ्यामुळे नाही. मी जागी होते काय, झोपले काय. बघितलं काय, न बघितलं काय. मग मी होते कशाला?"

मी भाजी बाजूला ठेवली.

"एकदा तरी कोणी म्हणा ना, की माझ्यामुळे झालं."

आमच्या घरात समजूत घालायचं काम माझं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "तुमच्यामुळेच झालं, ताई. ते रेघांचं कापड तुमच्यामुळे झालं. शर्ट काढायला हवा होता. तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्या कोणी तो घालून आत पाऊल टाकलं असतं, तर तुम्ही दंडाला धरून बाहेर काढलं असतं. तुम्ही चुकलात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, कोन हातात घेऊन बघायच्या तसं.

"हो," त्या म्हणाल्या. "मी चुकले." मग शर्टाच्या बाहीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आणि ते? त्या रात्री खोकला नव्हता. मला कळायला हवं होतं का गं?"

नाही, असं म्हणणं सोपं होतं. सगळे म्हणून गेले होते.

"मला माहीत नाही, ताई," मी म्हटलं. "आम्हीही झोपलो होतो."

त्यांनी मान डोलवली. मग तोंड शर्टात घातलं आणि आधी नुसते त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नंतर आला. छातीतून ओढून काढल्यासारखा, तुटक, घोगरा, थांबायचा आणि परत यायचा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मी ते पुसलं नाही.

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार धाडकन उघडून माझा नवरा अनवाणी आत आला आणि आम्हा दोघींकडे न बघता आधी दादांच्या रिकाम्या कॉटकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं होतं, दादाच खोकतायत.